सोलापुरात तोंडाचा कॅन्सर वाढतोय का? आणि आपली माणसं इतकी उशिरा का येतात?

अशोक चौक (रविवार, रात्री १०:४०)

मी दातांचा डॉक्टर. अशोक चौकाजवळ बावीस वर्षं दवाखाना आहे. पेशंट बहुतेक पूर्वभागातले. यंत्रमागावरचे कामगार, विडी वळणाऱ्या बायका, रिक्षावाले.

सुरुवातीच्या वर्षांत तोंडातली वाईट जखम दिसायची ती साठीच्या पुढच्या माणसाच्या. धोतर, टोपी, कनवटीला तंबाखूची चंची. आता माझ्या खुर्चीत तिशीतली पोरं बसतात. गेल्या महिन्यात अठ्ठावीस वर्षांचा एक मुलगा आला. तक्रार एवढीच, की शेंगाचटणी झोंबते आणि कडक भाकरी दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नाही. मी म्हटलं, तोंड उघड. उभी दोन बोटं जेमतेम गेली. गाल आतून पांढुरका पडलेला, बोटानं दाबला तर चामड्यासारखा, आणि खाली दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागत होते. सुपारी, तंबाखू, चुना मळलेला मावा कधीपासून? सहावीपासून.

याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या वाटेवरचं स्टेशन आहे. केरळात अशा पेशंटांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यातल्या ७.६ टक्क्यांना पुढं कॅन्सर झाला. आणि हे सगळं सुपारीमुळं होतं, नुसत्या सुपारीमुळंसुद्धा. "मी तंबाखू खात नाही, फक्त पानमसाला" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे.

मी स्वतः चुकलोय, तेही सांगतो. २००९ साली एक मावशी हलणारी दाढ घेऊन आल्या. मिश्री लावायच्या. मी दाढ काढली आणि पाठवून दिलं. तीन आठवड्यांनी परत आल्या तेव्हा खड्डा भरलेला नव्हता, उलट त्यातून मांस वर आलं होतं. दाढ हलत होती ती हिरडीतल्या गाठीनं. काढायच्या आधी तोंडात नीट बघितलं असतं, तर त्यांचे तीन आठवडे वाचले असते. तेव्हापासून माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाचं तोंड मी पूर्ण बघतो, मग तो नुसती कवळी बसवायला आलेला असला तरी.

धागा काढायचं कारण असं. नवे रुग्ण किती होतात आणि त्यातले मरतात किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आज मावा बंद झाला तरी नवे रुग्ण कमी व्हायला पंधरा-वीस वर्षं जातील, कारण आजचा कॅन्सर ही जुन्या सवयीची वसुली आहे. मरणारे मात्र काही वर्षांतच कमी करता येतील. त्यासाठी माणूस लवकर यायला हवा. तो का येत नाही, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

जुनी गिरण (रविवार, रात्री ११:१५)

डॉक्टर, तंबाखू खाण्यामागं गिरणीचाही हात आहे. माझे वडील गिरणीत होते. खात्यात बिडी-काडी न्यायला सक्त मनाई, कापसाच्या भुग्याला ठिणगी पुरते. मग आठ तास काय करणार? तंबाखू-चुना मळायचा आणि गालात धरायचा. भोंगा होईपर्यंत तोच आधार. गिरण्या गेल्या आणि ती सवय मागावर आली. मागावर पाळी बारा तासांची.

पण एक शंका आहे. आमचे आजोबा ८४ वर्षं जगले, शेवटपर्यंत तंबाखू खात होते, तोंडात फोडसुद्धा नाही. गल्लीत सगळे त्यांचंच उदाहरण देतात. त्यांना काय सांगायचं?

अशोक चौक (रविवार, रात्री ११:३२)

काका, आजोबा वाचले म्हणून आपल्याला दिसले. त्यांच्याबरोबर खात्यात तंबाखू मळणारे जे पन्नाशीत गेले, त्यांची नातवंडं उदाहरण द्यायला गल्लीत उभी नसतात. शिवाय आजोबांनी तंबाखू कितव्या वर्षी धरली असेल? बहुतेक गिरणीत लागल्यावर. आजची पोरं शाळेत असतानाच मावा धरतात, आणि त्यात सुपारीचा भरणा असतो.

कंबर तलाव (सोमवार, सकाळी ७:०५)

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. डॉक्टरांच्या खुर्चीवरून जे दिसतं ते खरं आहेच, पण त्यावरून "शहरात वाढतोय" असं म्हणण्याआधी थोडं थांबावं लागतं.

सिव्हिलला किंवा कुठल्याही मोठ्या दवाखान्यात रुग्ण वाढले, म्हणजे सोलापूर शहरात वाढले असं होत नाही. तिथं अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळचे लोक येतात, सीमेपलीकडून इंडी, आळंद, अफजलपूरचेही येतात. उलट आपली कितीतरी माणसं बार्शीला, मिरजेला, पुण्याला, नाहीतर थेट मुंबईला टाटाला जातात आणि इथल्या रजिस्टरात दिसतच नाहीत. म्हणून लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी लागते. ठरलेल्या हद्दीत राहणारा माणूस उपचाराला कुठंही गेला तरी त्याची मोजणी त्याच्या गावात होते. मुंबईत हे काम १९६३ पासून चालू आहे.

आणि आपल्या जिल्ह्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. नर्गिस दत्त रुग्णालयातून. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. खेड्यातला माणूस दवाखान्यात येतच नाही, मग रजिस्टर भरणार कसं? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव गेले. बैठका घेतल्या, लक्षणं सांगितली, संशय आला त्याला दवाखान्यात आणलं. मोजायला गेले आणि मोजता मोजता माणसं लवकर यायला लागली.

सोलापूर शहर मात्र त्या ३४६ गावांत येत नाही. बार्शीचे आकडे शहराला जसेच्या तसे लावू नका.

दुसरी गोष्ट वयाची. आपली तरणी पोरं पुण्याला जातात आणि मागं म्हातारी माणसं उरतात. कॅन्सर वयाबरोबर वाढतो, त्यामुळं सवयी तशाच राहिल्या तरी लाखामागचा साधा दर आपोआप चढतो. म्हणून वयाचा फरक काढून टाकलेला दर बघतात. त्या हिशेबात २०१२ ते २०१६ या काळात देशातल्या नोंदण्यांत सगळे कॅन्सर मिळून सगळ्यात कमी दर आपल्या शेजारचा होता. उस्मानाबाद-बीडमध्ये पुरुषांत लाखाला ३९.५. मिझोराममधल्या ऐझॉलमध्ये तोच २६९.४. आता यातला किती भाग खरोखर कमी आणि किती न सापडलेला, हा प्रश्न बार्शीच्या कार्यकर्त्यांनाही सुरुवातीपासून पडलेला आहे.

तरुणांचं म्हणाल, तर डॉक्टरांना जे आज दिसतंय ते अहमदाबादच्या आकड्यांत १९९५ सालीच दिसलं होतं. १९८३-८७ शी तुलना केली तर पन्नाशीच्या आतल्या लोकांत तोंडाचा कॅन्सर स्पष्ट वाढलेला होता. मधल्या काळात गुटख्याच्या पुड्या घरोघर पोचल्या होत्या.

शेळगी (सोमवार, सकाळी ९:२०)

मृत्यूचे आकडे कुठून येतात?

कंबर तलाव (सोमवार, सकाळी ९:४८)

मृत्यूच्या दाखल्यावरून, आणि तिथंच गळती आहे. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १,४३,७५९ नवे रुग्ण झाले आणि ७९,९७९ मृत्यू. शंभर नव्या रुग्णांमागं जवळजवळ छप्पन्न मृत्यू. (ही त्याच माणसांची जोडी नाही, एका वर्षातले दोन वेगळे आकडे आहेत. तरी अंदाज येतो.) पण माणूस घरी गेला आणि दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडून" एवढंच लिहिलं, तर तो मृत्यू कॅन्सरच्या खात्यात येत नाही.

विडी घरकुल (सोमवार, दुपारी २:१०)

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझ्या मालकांच्या दाखल्यावर तेच लिहिलंय. हृदयक्रिया बंद पडून. आठ महिने ते घरात होते, शेवटी पाणीसुद्धा नळीनं द्यायचो.

मी कुंभारीच्या घरकुलात राहते. विड्या वळते. मालक मागावर होते. जिभेच्या कडेला चट्टा आला, तेव्हा एका ठिकाणी मलम दिलं, दुसरीकडं "दात घासतोय" म्हणून दात घासून दिला. कुणी तुकडा काढून बघू म्हटलं नाही. आम्हीही म्हटलो नाही. डॉक्टर विचारतात माणसं उशिरा का येतात. दादा, एक दिवस गेलं तर त्या दिवसाची मजुरी जाते. दुखत नसेल तर माणूस मजुरी बुडवून का जाईल? आणि सुरुवातीला ते दुखत नाही. दुखायला लागलं तेव्हा गळ्यात गाठ आली होती.

आणखी एक कारण आहे, ते कुणी बोलत नाही. भीती. तुकडा काढला की पसरतो, लोखंड लागलं की माणूस जातो, असं आमच्या आख्ख्या लाईनीत मानतात. माझ्या सासूबाईंनीच मालकांना सहा आठवडे अडवून ठेवलं. त्यांना दोष देत नाही. मुलगा वाचावा म्हणूनच त्यांनी केलं.

माझी आई अजून मिश्री लावते. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायचा वास आला की मला मालक आठवतात.

अशोक चौक (सोमवार, दुपारी ३:०२)

अक्का, तुम्ही लिहिलंत ते मला बावीस वर्षांत कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. दुखत नाही म्हणून येत नाहीत. बरोबर आहे.

तुकडा काढल्यानं पसरत नाही. तुकडा काढतो ते नाव कळायला, आणि नाव कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. गैरसमज होतो तो असा, की लोक आधीच उशिरा येतात, तुकडा काढतात, महिन्यात माणूस खालावतो आणि दोष सुईला लागतो. माणूस आजारानं खालावत असतो.

आईला एकदा आणा. मिश्री जिथं धरतात ती हिरडी मला बघायची आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कायदा कुठं लागतो.

पार्क चौक (सोमवार, सायंकाळी ६:३०)

माझी पानटपरी आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

२० जुलै २०१२ ला गुटखा बंद झाला. त्याआधी एक पुडी होती. नंतर कंपन्यांनी दोन केल्या, एकीत मसाला आणि दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईक दोन्ही घेतं आणि तिथंच एकत्र करतं. सुगंधी सुपारी, मावा यांच्यावरही बंदी आली. तरी मावा गेला नाही, कारण त्याला कारखाना लागत नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकचा कागद आणि दोन तळहात. मीही तीन वर्षांपूर्वीपर्यंत विकला. सकाळी सहाला मागावर जाणारी माणसं रांगेत असायची, एकेकाला चार-पाच बांधून.

सोडलं ते माझ्या मेहुण्यामुळं. त्याचा अर्धा जबडा काढला. तो मावा माझ्याच टपरीवरचा खायचा, मी पैसे घेत नसे. आता पान, चहा, बिस्किट. धंदा निम्मा झालाय. मला एवढंच विचारायचंय, माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना मी काय सांगू? ते रोज येतात आणि माझं ऐकतात.

अशोक चौक (सोमवार, रात्री ९:१५)

भाऊ, शिव्या कशाला? तुमच्यापुढं रोज जेवढी तोंडं उघडतात तेवढी माझ्यापुढं महिन्यात उघडत नाहीत. त्यांना एवढंच सांगा. आरशासमोर उभं राहून मधली तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, कुठली फोड दोन आठवड्यांत भरली नाही का, दात उगाच हलतोय का, गळ्याला गाठ लागते का. यातलं एकही असेल तर दुखायची वाट बघू नका.

सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, तो टपरीवर लिहून लावा.

तिसरी पाळी (सोमवार, रात्री ११:५०)

डॉक्टर, मी आत्ता मागावरच हाय. वाचता वाचता बोटं घालून बघितली. दोनच जाऊलालीत. तिसरं अडतंय. वय २६. मावा दिवसाला सात-आठ. उजव्या गालात पांढरं हाय, बरेच दिवस. दुखत नाही. आत्ता खाल्लेला थुंकलो. घरी कुणाला सांगितलं नाही.

अशोक चौक (सोमवार, रात्री ११:५८)

थुंकलात ते चांगलं केलंत. आता नीट ऐका. दोन बोटं म्हणजे कॅन्सर नव्हे. पण पांढरं आहे ते मी डोळ्यांनी बघितलं पाहिजे, आणि गरज वाटली तर तुकडा पाठवला पाहिजे. उद्या पाळी सुटली की सरळ या, आठ वाजता दवाखाना उघडतो. उपाशी येऊ नका, जेवून या. तपासायचे पैसे घेणार नाही.

कंबर तलाव (मंगळवार, सकाळी ६:४०)

तिसरी पाळी, नक्की जा. तुमच्यासाठीच एक गोष्ट लिहिते, इतरांनाही उपयोगी पडेल.

१९९६ साली केरळात तिरुअनंतपुरमजवळ एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेरा पंचायती, जवळजवळ १ लाख ९२ हजार माणसं. निम्म्या गावांत आरोग्यसेवक घरोघर जाऊन तोंडात बघायचे, दर तीन वर्षांनी एकदा. डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेली साधी पदवीधर मंडळी, आणि हत्यार म्हणाल तर नुसता उजेड. २००५ मध्ये निकाल आला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. सवय नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे आख्ख्या शहराची तोंडं तपासत बसायला नको, जे खातात त्यांचीच बघायची. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत तंबाखू ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के निघाले. बघायची तोंडं कुठं आहेत हे आपल्या शहराला माहीत आहे. मागाचे कारखाने, विडीचे कारखाने, रिक्षास्टॉप, मार्केट यार्ड.

होटगी रोड (मंगळवार, सकाळी १०:२५)

सासऱ्यांना गालाचा कॅन्सर निघालाय, लहान आहे म्हणतात, गळ्यात गाठ नाही. तरी सर्जन मानेतल्या ग्रंथीही काढायच्या म्हणतात. घरात वाद चाललाय. गाठ नसताना मान कशाला उघडायची? बिल वाढवायला?

अशोक चौक (मंगळवार, दुपारी १:४०)

बिलासाठी नाही. हा प्रश्न मुंबईच्या टाटा रुग्णालयानंच सोडवलाय. सुरुवातीच्या टप्प्यातले ५०० पेशंट, मानेत गाठ नसलेले. काहींच्या ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनला काढल्या, बाकीच्यांना गाठ आली तर काढू म्हणून थांबवलं. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. २०१५ साली हे छापून आलं आणि जगभर उपचार त्याप्रमाणं होऊ लागले. गाठ हाताला लागण्याआधीच ग्रंथीत पेशी पोचलेल्या असू शकतात. ऑपरेशन करून घ्या. रेशनकार्ड घेऊन जनआरोग्य योजनेच्या कक्षात आधी चौकशी करा.

विडी घरकुल (मंगळवार, दुपारी ४:०५)

डॉक्टर, आमच्या लाईनीत रविवारी सगळ्या बायका घरी असतात. तुम्ही बॅटरी घेऊन येणार असाल तर माझं घर घ्या. पत्र्याखाली सावली आहे, खुर्ची शेजारून आणते. आईला पहिली बसवते, म्हणजे बाकीच्या बसतील. बायकांना तेलुगूत मी सांगेन.

अशोक चौक (मंगळवार, दुपारी ४:२०)

रविवारी दहाला येतो, अक्का. बरोबर दोघं ज्युनिअर आणतो.

पार्क चौक (मंगळवार, सायंकाळी ७:००)

नंबर लावला. आरसाही लावलाय टपरीला, जुना न्हाव्याचा. आज चौघांनी बोटं घालून बघितली.

तिसरी पाळी (बुधवार, रात्री १:१५)

काल जाऊन आलो. डॉक्टरांनी गालातलं पांढरं बॅटरीनं बघितलं, फोटो काढला, इंजेक्शन देऊन बारीक तुकडा घेतला. दोन टाके. रिपोर्ट आठवड्यात. आइस्क्रीमच्या काड्या दिल्यात, एकावर एक ठेवून दातात धरायच्या आणि रोज जमेल तशी एकेक वाढवायची. आज नऊ जाऊलाल्यात. आईला सांगितलं. ती रडली, मग गरम भात मऊ करून दिला.

आज पाळीवर खाल्लो नाही. डोकं दुखतंय, झोप येऊलालीय. शेजारच्या मागावरच्या मामांना बोटं घालायला लावली. त्यांची दीड जातात. बिस्किट चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाही म्हणतात, दोन वर्षं झाली. मला वाटायचं त्यांना तसंच आवडतं.

अशोक चौक (बुधवार, सकाळी ६:१०)

मामांना आजच घेऊन या. पाळी सुटली की तसेच, घरी न जाता.